मेरीचा गाल

विभानं कापसाचा बोळा वाटीत बुडवला, मेरीच्या गालावर हलकेच फिरवला, आणि मातकट थराखालून गुलाबी गाल उगवून आला.

"पाणी का गं?" पंढरीनाथांनी विचारलं.

"नाही बाबा. थुंकी."

ते दोन पावलं मागे सरकले. सुनेचं काम बघायला ते आज पहिल्यांदाच क्योतोच्या या कार्यशाळेत आले होते. साडेपाचशे वर्षांपूर्वी फ्लोरेन्समध्ये कुणी अनाम चित्रकारानं रंगवलेली ही मेरी जपानच्या ईशान्य किनाऱ्यावरच्या चर्चमध्ये होती. त्सुनामीनं तिच्या तोंडाला चिखल फासला. रंग अंड्याच्या बलकात कालवलेले, आणि वर हे!

"देवाच्या आईला उष्टं लावता?"

"हा मळ पाण्यानं निघत नाही. लाळेनं निघतो. सगळीकडे असंच करतात."

तोंडावर रुमाल धरून ते बाहेर पडले. परतीच्या बसमध्ये त्यांची बडबड चालूच होती; त्यांच्या पत्नी सुनीताबाई खिडकीबाहेर बघत राहिल्या.

"ऐकतेस ना?"

"ऐकतेय."

संध्याकाळी विभानं पान वाढलं. वरणात त्यांना तीच वाटी दिसली. त्यांनी ताट सरकवलं.

"सारंग, बायकोला सांग. उद्यापासून हे काम बंद. नाहीतर आम्ही पुण्याला निघालो. पुन्हा या घराची पायरी चढणार नाही."

सारंगनं ताट पुन्हा वडिलांपुढे सरकवलं.

"अर्धा चेहरा राहिलाय, बाबा," विभा म्हणाली. "गावातली माणसं वाट बघतायत तिची. मी नाही सोडणार."

"मग तुझ्या हातचं मला शिवायचं नाही! शी! सासूकडून शीक काही. तू देवळं दाखवायला नेतेस म्हणून रोज सकाळी पारोशी नाही, आंघोळ करून निघते. इथं येऊन चहासुद्धा सोडलाय तिनं. व्रत धरलंय."

विभानं सासूकडे पाहिलं. सासू उठली. हात धुऊन तिनं मऊ भात, तूप, मेतकूट कालवलं.

"माझ्या हातचं चालेल?"

"तुझ्या हातचं म्हणजे प्रसाद गं." पंढरीनाथांनी मोठा घास घेतला. डोळे मिटले. "बघ, मळमळ गेली."

"मग परत जायचं नाव काढू नका."

"का?"

"आधी तो घास गिळा, अहो. विभाचं तोंड ॲलर्जीच्या गोळ्यांनी कोरडं पडलंय, लाळच सुटत नाही. रोज सकाळी त्या वाटीत मी थुंकते."