चिकन आणि पास्ता, एकाच ताटात

भांडणात एकाला सुरी मारल्याबद्दल सहा वर्षं तुरुंगात काढून इवानो इटलीतल्या लिव्होर्नोला घरी आला, त्या रविवारी त्याच्या आईनं, लोरेदानानं, त्याच्या आवडीचं चिकन केलं. टोमॅटो, काळे ऑलिव्ह, रोझमेरी, सगळं नेहमीसारखं. एरवी पास्ता आधी आणि चिकन नंतर, वेगळ्या ताटात यायचं; या खेपेला मात्र तिनं हाडं काढून घासाएवढे तुकडे केले आणि ते पास्त्यातच कालवून टाकले.

बाप, ओस्वाल्दो, मान खाली घालून टेबलाशी बसला होता. सहा वर्षांत तो मुलाला भेटायला एकदाही गेला नव्हता.

ताट पाहून इवानो हसला. "चिकन पास्त्यात? आई, आजीनं पाहिलं असतं तर तुला घराबाहेर काढलं असतं!"

"अरे, सहजच. एका ताटात बरं पडतं."

त्यानं टेबलावरून नजर फिरवली. प्रत्येकाच्या ताटाशेजारी नुसता काटा होता, सुरी कुठेच नव्हती. त्याचं हसू मावळलं.

"घाबरतेस मला?"

लोरेदाना त्याच्या ताटात आणखी पास्ता वाढू लागली. तेवढ्यात ओस्वाल्दो खुर्ची मागे ढकलून उठला. तो स्वयंपाकघरात गेला. ड्रॉवर उघडल्याचा आवाज आला. परतला तेव्हा त्याच्या एका हातात पाव होता आणि दुसऱ्या हातात पावाची लांब सुरी. दोन्ही त्यानं मुलासमोर ठेवली, सुरीची मूठ त्याच्याकडे करून.

"काप," तो म्हणाला. "माझा तुकडा जरा जाड ठेव."