राखून ठेवलेले अर्थ

निवृत्त झाल्यापासून उकंडराव गुरुजी महागावात एकटेच राहत. संध्याकाळी ओट्यावर जमणाऱ्या मुलांना ते ‘सेट’ या इंग्रजी शब्दाचा रोज एकच नवा अर्थ सांगत. कधी चहाच्या कपांचा सेट, कधी दह्याचं सेट होणं. बाकीचे राखून ठेवत, म्हणजे मुलं उद्याही येतील.

आज शेवटचा उरला होता, सूर्याचं मावळणं. तो सांगून त्यांनी खडू खाली ठेवला.

“संपले बाप्पा. आता उद्या कायले येता तुम्ही?”

मुलांमधल्या मैत्रेयीनं आईचा मोबाइल पुढे केला; त्यावर शब्दकोश उघडा होता.



“संपले कुठं, गुरुजी? याच्यात अजून लय हायेत, आम्ही कधीचेच वाचून ठेवले. उद्यापासून आम्ही सांगू. रोज एकच, तुमच्यासारखा.”