दुधाळ बाटली

डॉक्टर सेफिनानं पाकीट फोडायला घेतलं, तेवढ्यात नोलीननं त्यावर हात ठेवला.

“थांबा. आधी मला बोलू द्या. पन्नास वर्षं पोटात ठेवलंय.”

शेजारी बसलेला ब्रेंट हसला. “नोलीन मावशी, तुझे स्वेटर मला घट्ट होतात ते माझ्या पोटामुळे. त्याचं एवढं मनाला लावून घेऊ नकोस.”

नोलीन हसली नाही. ती सत्त्याहत्तर वर्षांची निवृत्त नर्स. ब्रेंट पन्नाशीचा, मेंढ्यांची लोकर कातरणारा गडी. दोन महिने आधीच जन्मला तेव्हा याच इस्पितळात तिनं त्याला तळहातावर झेललं होतं. नात्यानं ती त्याची कोणी नव्हती. तरी साउथलंड प्रांतातली थंडी सुरू झाली की तिच्या हातचा नवा स्वेटर त्याच्या घरी हजर. त्याच्या शाळेतल्या रग्बीच्या एकेका सामन्याला ती चिखलात उभी राहिलेली. लोक म्हणत, बाईला स्वतःचं मूल नाही, म्हणून जीव लावते. लोकांना काय माहीत!

त्या वर्षी वॉर्डात एक प्रयोग चालू होता. दिवस भरण्याआधीच कळा सुरू झालेल्या बाईला एक इंजेक्शन द्यायचं, म्हणजे पोटातल्या बाळाची फुप्फुसं लवकर तयार होतात का ते बघायचं. निम्म्या बाटल्यांत औषध, निम्म्या पोकळ, म्हणजे आत औषधाचा गुण नसलेला नुसता द्रव. कुठली कोणती, हे आईला, नर्सला, डॉक्टरला, कोणालाच कळू द्यायचं नाही. बाटलीवर फक्त नंबर. आता पन्नास वर्षांनी डॉक्टर तीच बाळं हुडकून त्यांची हृदयं तपासत होते, आणि ज्याला हवं त्याला आपली बाटली कोणती होती ते सांगत होते.

“कळू द्यायचं नाही म्हणे!” नोलीन म्हणाली. “हलवली की काही बाटली दुधाळ दिसायची, काही स्वच्छ. दुधाळ तेच औषध, हे आम्ही नर्सनी चहा पिता पिता ठरवून टाकलं होतं. मग माझी धाकटी बहीण नायरी दाखल झाली. तिच्या नंबरची बाटली निघाली स्वच्छ. पलीकडच्या खाटेवर, ब्रेंट, तुझी आई. तिची दुधाळ.” तिनं चष्मा काढून मांडीवर ठेवला. “मी अदलाबदल केली.”



“तुझ्या तोंडचं औषध मी काढून घेतलं, पोरा. आणि नायरीची मुलगी तरी कुठे वाचली? चार दिवस राहिली. नायरीला मी तेव्हाच सांगितलं होतं. ती अजून म्हणते, पोरीसाठी करता येण्यासारखं सगळं केलं आपण. त्या एका गोष्टीवर ती आजवर तग धरून आहे. मला मात्र तुझ्याकडे सरळ बघता आलं नाही.”

 ब्रेंटनं आपला राकट हात तिच्या हातावर ठेवला. “जगलो ना मी? मग झालं तर.”

“हे मला नोंदवावं लागेल,” सेफिना हळूच म्हणाली.

“नोंदवा. त्यासाठीच आलेय.”

सेफिनानं पाकीट फोडलं. मग दुसरं, नायरीच्या नावाचं. त्यावर नायरीची संमतीची सही होती, पण त्या इमारतीच्या पायऱ्या ती पुन्हा चढायला तयार नव्हती. सेफिनानं दोन्ही कागद दोनदा वाचले.

“ब्रेंटच्या आईला नेमून दिलेली बाटली पोकळ होती,” ती म्हणाली. “औषध होतं ते नायरीच्या बाटलीत.”

नोलीनला ती सकाळ लख्ख दिसली. फरशीला नुकत्याच लावलेल्या मेणाचा वास, काचेच्या पाळण्यांवर पडलेलं ऊन, रेडिओवरचं गाणं गुणगुणणारी हेड सिस्टर. किती प्रेम होतं तिचं त्या वॉर्डावर! आणि एप्रनच्या दोन खिशांत दोन बाटल्या. स्वच्छ होती ती डाव्या खिशात. तीच औषधाची, आणि ती तिनं ब्रेंटच्या आईला टोचली होती.

“औषध मिळूनही काही बाळं गेली,” सेफिना म्हणाली.

“काही,” नोलीन म्हणाली.

ब्रेंटनं आपला कागद उचलला, बारीक घडी केली आणि स्वेटरच्या आत शर्टाच्या खिशात घातली. नोलीनला दंडाला धरून त्यानं पायऱ्यांवरून उतरवलं.

खाली गाडीत नायरी बसली होती. मांडीवर फॉइलमध्ये गुंडाळलेले चीज रोल, पायाशी चहाचा थर्मास. तिनं काच खाली केली.

“केवढा वेळ लावलात! रोल गार झाले.” मग तिनं बहिणीच्या चेहऱ्याकडे पाहिलं. “काय गं? दुधाळ तेच औषध होतं ना?”

नोलीननं तोंड उघडलं.

ब्रेंटनं खिडकीतून आत हात घातला.

“दुधाळ तेच, नायरी मावशी. तुझ्या लेकीनं माझं औषध घेतलं, आता तुझा एक रोल मी घेतो.”