पेनरोज पाद्री मैदानावर आला तेव्हा

फुटबॉलच्या सामन्याचा तिसरा क्वार्टर चालू असताना पेनरोज पाद्री फाटकातून मैदानावर आला, आणि कठड्याला टेकलेल्या बायकांचा आरडाओरडा जागच्या जागी थांबला.

पाद्री कधी फुटबॉल बघायला येत नसे. शनिवारी दुपारी तो उद्याचं प्रवचन लिहीत बसे. पण तांब्याच्या खाणींच्या त्या गावात युद्धामुळे एक नवी रीत पडली होती. पोरगा फ्रान्समध्ये लढाईत पडला की लष्कराची तार आधी पाद्र्याकडे यायची आणि तो ती घरी जाऊन सांगायचा. त्याचा काळा कोट गल्लीत दिसला की बायका दारं लावून घ्यायच्या. बातमी तेवढा वेळ तरी बाहेर उभी राहील. मैदानावर लावून घ्यायला दार नव्हतं.

क्षणापूर्वीपर्यंत सेलिना ट्रेवार्था नवऱ्याला चिडवत होती. तरणी पोरं सगळी लढाईवर गेलेली, म्हणून रेडक्रॉसच्या मदतीसाठी भरवलेल्या या सामन्यात त्यांचे बाप उतरले होते. खाणीच्या धुळीने छाती भरलेला सॅम गोलखांबांपुढे धापा टाकत उभा होता. अंगात थोरल्या मुलाची, विल्फची जर्सी, पोटावर ताणलेली. "सॅम, वाकू नकोस रे, उठवायला माणसं नाहीत!" सेलिना ओरडली होती, आणि शेजारची म्हणाली होती, "राहू दे गं, चेंडूच येईल त्याच्याकडे चालत." सगळ्या हसल्या होत्या.

आता चेंडू टप्पे खात रेषेबाहेर गेला. त्याच्यामागे कोणी धावलं नाही. खेळाडू जिथल्या तिथे उभे राहून काळ्या कोटाकडे बघत होते.

पाद्री कठड्याकडेने चालू लागला. ज्या बाईला ओलांडून तो पुढे जाई, ती श्वास सोडी आणि लगेच मान खाली घाली. सेलिनाने कठडा घट्ट धरला. विल्फ ईस्टरच्या सुमाराला लढाईत मारला गेला होता. धाकटा हेडली अजून तिकडेच होता. याच माणसाने चॅपेलमध्ये उभं राहून, येशूने क्रूस उचलला, तुम्ही बंदूक उचला, असं सांगितलं होतं. दुसऱ्याच दिवशी तिचे दोघे फौजेत नाव नोंदवून आले. तेव्हापासून ती चॅपेलची पायरी चढली नव्हती.

पाद्री तिच्यासमोर थांबला.

"इथं नाही," ती म्हणाली. "सॅम बघतोय. तिकडं आडोशाला चला."

खाणीच्या मातीच्या ढिगाऱ्यामागे गेल्यावर ती वळली. "बोला. हेडली ना?"

"नाही."

"मग?"

"आमचा जोएल."

तिनेही श्वास सोडला. त्या श्वासाचीच तिला लाज वाटली. पाद्र्याचा जोएल, विल्फ आणि हेडली एकाच संघात खेळायचे. तिच्या स्वयंपाकघरात उभ्यानेच मांस-बटाटा भरलेली गरम पेस्टी खायचा तो पोरगा, जीभ भाजली तरी. पोरगा जाणं काय असतं ते या माणसालाही एकदा कळावं, असं तिने मनात कितीदा म्हटलं होतं. आज कळलं होतं, आणि तिच्या तोंडाची चव गेली होती.

"थर्झा चहाच्या शेडमध्ये आहे," पाद्री बायकोबद्दल म्हणाला. "तिला अजून..."

"मग जा की. तुम्हाला सवय आहे."

बोलून गेल्यावर तिला वाटलं, हे बोलायला नको होतं. पण पाद्र्याने नुसती मान हलवली.

"आहे. इतक्या घरी गेलो, सगळीकडे तेच वाक्य म्हटलं. राजासाठी आणि देशासाठी. तुमच्या दारातही. आज ते ओठांवर येत नाही." त्याने टोपी काढली. टोपीत काही लिहिलेलं असावं तसा तो आत बघत राहिला. "मिसेस ट्रेवार्था, त्या दिवशी मी तुम्हाला कसं सांगायला हवं होतं?"

विल्फची बातमी आली त्या दिवशी ती धुणं धूत होती. तो पायरीवर उभा राहून बोलला आणि निघून गेला. हात कोपरापर्यंत साबणात, तशीच ती कितीतरी वेळ उभी होती.

"आधी बसवायचं," ती म्हणाली. "राजाचं नाव काढायचं नाही. देवाचंही नको. पोराचं नाव घ्यायचं. आणि लगेच निघून जायचं नाही."

"बरं," तो शाळकरी पोरासारखं म्हणाला. पण त्याचे पाय हलेनात. सेलिनाने त्याचं कोपर धरलं. "चला. मी येते."

शेडमध्ये थर्झा मोठ्या किटलीतून कप भरत होती. पाद्र्याच्या प्रवचनांचा राग सेलिनाने तिच्यावर कधी काढला नव्हता. विल्फ गेला तेव्हा आठवडाभर थर्झाच तिच्याजवळ निजायला येत होती. थर्झाने वर पाहिलं. दारात नवऱ्याचा काळा कोट, आणि त्याच्याबरोबर सेलिना. तिच्या हातातली किटली टेबलावर आपटली. टेबलाला वळसा घालून ती धावत आली.

"अगं बाई गं! हेडलीसुद्धा?"

तिने सेलिनाला छातीशी ओढलं. "रड, पोरी, रड. मी आहे ना. मी कुठं जात नाही."

पाद्री टोपी हातात धरून दारातच उभा राहिला. थर्झा पाठीवरून हात फिरवत राहिली, आणि त्या मिठीत उभ्या सेलिनाला कळेना, की हिला आता खाली कसं बसवावं.