स्वतःच्या वापरासाठी

पार्सल मुंबईला कस्टममध्ये अडकलं आणि यमुनाबाईंचा फोन रोज वाजायला लागला.

एरवी टोरांटोहून मुलाचा, गौरवचा, फोन म्हणजे दिवाळीला. वाढदिवसालाही बोलणं व्हायचं, पण वाढदिवस त्याचा आणि फोन बाईंचा. आता मात्र डहाणूत दिवेलागण झाली की तिकडे त्याची सकाळ, आणि फोन हजर. कागद पाठवलास का, कुरियरवाला काय म्हणतो? तेवढं दोन मिनिटांत उरके. मग ओघानेच गुडघा कसा आहे, आज काय जेवलीस, कुंपणालगतच्या चिकूला फळ धरलंय का. मुद्दा पार्सलचा, बाकी सगळं वरकड. बाई त्या वरकडीवर खूश होत्या. शाळेतून निवृत्त झाल्यापासून त्यांना कोणी इतके प्रश्न विचारले नव्हते.

गौरवने पाठवलेल्या पार्सलात गुडघ्यांच्या गोळ्या होत्या. गुग्गुळ मूळचा इथलाच. पण परदेशी जाऊन, बाटलीत बसून परत आला, म्हणून त्याची चौकशी. कस्टमचं म्हणणं सरळ होतं: औषध स्वतःच्या वापरासाठी आहे असं डॉक्टरांचं पत्र द्या, माल घेऊन जा.

डॉक्टर समोरच्याच इमारतीत बसत. पण बाईंच्या सांगण्यात ते कधी तलासरीला लग्नाला गेलेले असत, तर कधी विवळवेढ्याला महालक्ष्मीच्या जत्रेला. इतका फिरस्ता डॉक्टर अख्ख्या तालुक्यात नसेल.

कुरियरच्या ऑफिसातला मनिष बाईंचा जुना विद्यार्थी. "बाई, तुमच्या गोळ्यांचा व्हिसा अडकलाय," तो चिडवायचा. डॉक्टरांकडे मीच जातो म्हणाला, तर बाई म्हणाल्या, घाई काय आहे, गुडघा कुठे पळून चाललाय. या उत्तरावर त्याने थांबून विचार करायला हवा होता. पण वजाबाकीत हातचा घ्यायला तो चौथीतही विसरायचा.

त्याने परस्पर पत्र आणलं, पाठवलं, आणि आठवड्याभरात पार्सल घेऊन दारात उभा राहिला. गुरुदक्षिणा दिल्यासारखा चेहरा. बाईंनी चहा केला, त्यात साखर घालायची राहिली. मनिषने तो तसाच संपवला.

"सहा बाटल्यांनी घोळ केला, बाई," तो म्हणाला. "एका माणसाला सहा म्हणजे त्यांना दुकान वाटतं. गौरवदादाला सांगा, दोन-दोन पाठव. सहसा कोणी विचारत नाही, सरळ घरी येतात. जास्त दिसल्या की अडकवतात, मग कागद, फोन, सगळी कटकट."

बाईंनी त्याला पुन्हा एकदा नीट सांगायला लावलं. जास्त असल्या की अडकतात? अडकतातच, तो म्हणाला.

तेवढ्यात फोन वाजला.

"मिळालं ना?" गौरव म्हणाला. "सुटलो बुवा. आता सहा महिने बघायला नको. ठेवतो, आई, ऑफिसला उशीर होतोय."

गुडघ्याचं त्याने विचारलं नाही. चिकूचंही नाही. न उघडलेलं पार्सल बाईंच्या मांडीवर होतं.

"थांब," त्या म्हणाल्या. "पुढच्या खेपेला बारा पाठव."