राखण

कोल्हापूरहून गाडीनं चार तासांत येतो तो गोवा आम्ही मुंबईला जाऊन, हौसेनं क्रूझनं गाठला. जहाज दिवसभर बंदरात थांबणार होतं. बाकीचे बसनं फिरायला गेले. मी आणि संयोगिता रिक्षा करून एका शांत किनाऱ्यावर आलो. लग्नाला चोवीस वर्षं झाली, पण दोघांनी मिळून समुद्रात उतरायचं राहूनच गेलं होतं.

किनाऱ्यावर चिटपाखरू नव्हतं. फक्त एक म्हातारा, वाळूत पसरलेल्या जाळ्याशेजारी, आमच्याकडंच बघत बसलेला.

"नजर बरी न्हाय की ह्याची," संयोगिता पुटपुटली. पिशवीत दोन मोबाईल आणि तिच्या पाटल्या होत्या.

मग ती पाण्यात गेली की मी पिशवीजवळ, मी गेलो की ती. दुपार टळली तरी म्हातारा जागचा हलला नाही. जेवायलासुद्धा उठला नाही. आमचा संशय पक्का झाला.

परतायची वेळ झाली, तरी दोघं मिळून भिजलो नव्हतोच. जाता जाता मी त्याला गाठलं.

"काय पावणं, सकाळपास्नं आमच्यावर डोळा ठेवून बसलाय. काय पायजे हुतं?"

म्हातारा गुडघ्यावर हात टेकून सावकाश उठला.

 

"नवीन जाळं आहे हो. अनोळखी माणसं असताना टाकून कसा जाऊ? तुम्ही निघालात ना, आता जेवून येतो."