बदललेला पासवर्ड
अकरा वाजता ऑनलाइन मुलाखत होती आणि कल्याणीच्या खोलीतला कॉम्प्युटर वायफायला जोडला जात नव्हता. तिनं तो बंद करून पुन्हा सुरू केला, मागचा अडॅप्टर काढून परत लावला. पडद्यावर तेच येत होतं, 'पासवर्ड चुकीचा आहे.' बाहेर सासरे पेपर वाचत होते. "बाबा, पासवर्ड कुणी बदलला?" "मी. आपल्या घरात सुनांनी नोकरी करायची पद्धत नाही." तिनं नवा पासवर्ड विचारला नाही. कपाटातून इंटरनेटची केबल काढली. ती आखूड होती, म्हणून अख्खा कॉम्प्युटर उचलून बाहेर आणला आणि सासऱ्यांच्या खुर्चीशेजारच्या राउटरला जोडला. बरोबर अकराला मुलाखत घेणाऱ्या बाई पडद्यावर आल्या. "नमस्कार, कल्याणी. मागे कोण आहेत?" "माझे सासरे," म्हणत ती वळली. "बाबा, तुम्ही बनियनवर दिसताय. इथंच बसायचं असेल तर सदरा घालून या."